सिकलसेलची स्वस्त तपासणी: पाड्यावरच्या पहिल्या शिबिराआधी वाचून ठेवा

नव्याने रुजू झालेल्या लॅब टेक्निशियनला, उपकेंद्रावरच्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) किंवा आशाताईला सिकलसेलच्या शिबिराला पाठवतात, तेव्हा हातात पेटी येते, नावांची यादी येते आणि एक वाक्य कानावर पडतं: "सोपं आहे, रक्त टाकायचं आणि गढूळ झालं का बघायचं." तपासणी खरंच सोपी आहे. पण ती चुकते तेव्हा आवाज होत नाही. नळी नितळ दिसते, वहीत 'निगेटिव्ह' लिहिलं जातं आणि आजारी मूल घरी जातं. सातपुड्यातल्या आश्रमशाळांत आणि पाड्यांवर हे काम करताना जे हळूहळू कळत गेलं, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळावं म्हणून लिहिते आहे.

आपण नेमकं काय शोधतोय

आपल्या अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिन नावाचं जनुक असतं. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग त्याच्या सांगण्यावरून बनतो. या जनुकात एकच अक्षर बदललं, 'ए'च्या जागी 'टी' आलं, की प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्याशा बदलाने तयार होणारं हिमोग्लोबिन म्हणजे एचबी-एस. ऑक्सिजन कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून काड्या होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. मुलांचे हातपाय ठणकणं, डोळे पिवळे होणं, सारखं रक्त कमी होणं, हे सगळं त्यातूनच येतं.

जनुक एका पालकाकडून आलं असेल तर तो 'एएस', म्हणजे वाहक. दोघांकडून आलं तर 'एसएस', म्हणजे आजारी. गावात लोक 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असंच म्हणतात. तुम्हीही तेच शब्द वापरा.

तपासणी स्वस्त कशी होऊ शकते, याचं उत्तर इथेच आहे. जनुक वाचायला यंत्र लागतं, रसायनं लागतात, शिकलेला हात लागतो. पण त्या जनुकाने बनवलेलं हिमोग्लोबिन बोटाच्या एका थेंबात भरपूर असतं, आणि बदललेलं हिमोग्लोबिन वेगळं वागतं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, की विजेच्या प्रवाहात सिकलसेलचं हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकतं. एखादा आजार रेणूतल्या बदलामुळे होतो, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. आपल्या पेटीतली साधी नळी त्याच कल्पनेवर चालते.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्याकडे तो नंदुरबार, धुळ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत, मेळघाटात, गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड-माडिया गावांत आणि विदर्भातल्या इतर अनेक समाजांत आढळतो. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. हे लोकांना जरूर सांगा. 'आमच्या समाजाला शाप आहे' असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा हे ऐकून बदलतो, ते मी पाहिलं आहे.

सगळ्यांची महागडी तपासणी का नाही करायची

समजा एका आश्रमशाळेत ५०० मुलं आहेत आणि त्यातली ५० वाहक किंवा आजारी आहेत. पाचशे ईडीटीए बल्ब (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळ्या) थंड पेटीतून जिल्ह्याला पाठवून प्रत्येकाची एचपीएलसी, म्हणजे यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची तपासणी करायची, की आधी जागेवर नळीत बघून पन्नासच पाठवायचे? दोन टप्प्यांची ही पद्धत म्हणूनच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली. २०४७ पर्यंत आजार आटोक्यात आणायचा आहे. एवढ्या मोठ्या आकड्याला पहिला टप्पा स्वस्तच हवा.

पण पहिला टप्पा म्हणजे निदान नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिली पायरी: विचारपूस

सुई काढण्याआधी चार प्रश्न विचारा. वय किती? गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलंय का? घरात कुणाला सिकलसेल आहे का? बाई असेल तर दिवस गेलेत का?

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे ही नळीची तपासणी, करूच नका. त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त आणि एचबी-एस कमी असतं, नळी नितळ राहते आणि आईला खोटा दिलासा मिळतो. रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात दुसऱ्याचं रक्त फिरत असतं, त्याचाही निकाल फसवा येतो. त्याची नोंद वेगळी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी परत बोलवा. आणि हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते सात-आठ ग्रॅमच्या खाली असेल तर नळीत पुरेशा पेशीच पडत नाहीत. अशा माणसाची नळी नितळ दिसली तरी ईडीटीए नमुना घ्या आणि पक्क्या तपासणीला पाठवा. ज्याचं रक्त फार कमी आहे तोच एसएस असण्याचा संभव जास्त, आणि नेमका तोच या नळीतून निसटतो.

दुसरी पायरी: नळी

द्रावणात तीन गोष्टी असतात. सॅपोनिन पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि तीव्र फॉस्फेट बफरमध्ये ऑक्सिजन गमावलेलं एचबी-एस विरघळत नाही. म्हणून पाणी गढूळ होतं. नेहमीचं हिमोग्लोबिन विरघळतं, म्हणून पाणी लालसर पण पारदर्शक राहतं.

१. फ्रीजमधलं द्रावण आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार द्रावणात टेस्ट लावू नका.

२. प्रत्येक नळीवर नंबर टाका, मगच रक्त घ्या. नंतर टाकू म्हणाल तर पंधराव्या मुलापाशी गोंधळ होणारच.

३. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाच्या कडेला लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) लावा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, दुसरा घ्या. बोट पिळू नका, पिळल्याने रक्तात पाणी मिसळतं. मुलाचे हात गार असतील तर आधी चोळून गरम करा.

४. दोन मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त सोडा आणि नळी हलक्या हाताने उलटी-सुलटी करा. रक्त जास्त पडलं तर निगेटिव्ह नळीही गढूळ दिसते.

५. पाच मिनिटं थांबा. घड्याळ लावा. अंदाजाने थांबायचं नाही.

६. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा आखून तो नळीच्या मागे साधारण एका इंचावर धरा. रेघा नळीतून स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, नाही दिसल्या तर पॉझिटिव्ह.

रेघांचा कागद छापील असलाच पाहिजे असं नाही. आम्ही वहीच्या पानावर काळ्या स्केचपेनने आखतो आणि त्याला सेलोटेप लावतो, म्हणजे थेंब पडला तरी चालतो. उजेड मात्र बघा. वर्गाच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट मिणमिणत असेल तर टेबल ओट्यावर आणा, पण नळीवर थेट ऊन पडू देऊ नका. एखादी नळी 'आहे की नाही' अशी वाटली तर ती पॉझिटिव्हमध्येच धरा आणि नमुना पुढे पाठवा. शंकेची नळी निगेटिव्ह लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कंट्रोल. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे एका माहीत असलेल्या एएस माणसाचं आणि एका एए, म्हणजे सिकलचं जनुक नसलेल्या, माणसाचं रक्त लावून बघायचं. एएसची नळी गढूळ झाली नाही तर त्या दिवशी त्या द्रावणाने एकही तपासणी करायची नाही.

हे मी शिकले एका पावसाळ्यात. श्रावणातले दिवस, डोंगरातली शाळा, दोन दिवसांची झड. साठ मुलं झाली आणि साठच्या साठ नळ्या नितळ. बरोबरची मंडळी खूश झाली, काम लवकर आटपलं म्हणून. मला मात्र खटकलं, कारण त्याच पाड्यांतल्या मुलांत आधीच्या वर्षी कितीतरी पॉझिटिव्ह निघाली होती. डायथायोनाइटची बरणी उघडून पाहिली तर भुकटीचे खडे झाले होते. हवेतला ओलावा लागला की हे रसायन मरतं. आम्ही सकाळी कंट्रोल लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट आणून साठही मुलांना पुन्हा टोचावं लागलं, आणि त्यातल्या सात जणांच्या नळ्या गढूळ झाल्या. सगळ्यात लहान मुलगी पहिलीतली होती. आदल्या दिवशी तिच्या वडिलांना मी स्वतः 'काही नाही' म्हणून सांगितलं होतं.

तेव्हापासून भुकटी लहान-लहान हवाबंद पुड्यांमध्ये न्यायची, द्रावण त्या दिवसापुरतंच करायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं, हा आमचा नियम आहे.

पट्टीचं किट मिळालं असेल तर

काही ठिकाणी आता गरोदरपणाच्या तपासणीसारखी पट्टी मिळते. बोटाचा थेंब घ्यायचा, पट्टीवर किंवा तिच्यासोबतच्या पाण्यात सोडायचा आणि काही मिनिटांनी रेघा वाचायच्या. हिचा मोठा फायदा असा, की नळी ज्यात गोंधळते तो एएस आणि एसएसमधला फरक पट्टी जागेवरच दाखवते, आणि लहान बाळांतही ती उपयोगी पडते. पण पत्रक वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका. सिकलस्कॅनच्या पट्टीवर जे हिमोग्लोबिन आहे त्याची रेघ उमटते. हिमोटाइप एससीच्या पट्टीवर नेमकं उलटं: जे हिमोग्लोबिन आहे त्याची रेघ गायब होते. एका किटवर शिकलेला हात दुसऱ्यावर गेला तर निरोगी मूल आजारी आणि आजारी मूल निरोगी ठरेल. शिबिरात एकाच प्रकारचं किट ठेवा आणि त्याचं चित्र टेबलावर चिकटवा. कंट्रोलची रेघ उमटली नाही तर पट्टी बाद.

पट्टीलाही थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार, दिसत नाही. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आलेलं मूल पट्टीवर एसएससारखं दिसू शकतं. म्हणून पट्टी असली तरी पक्की तपासणी टळत नाही.

थॅलेसेमियासाठी आणखी एक नळी

हा विषय मोठा आहे, इथे कामापुरतं सांगते. गरोदर बाईचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होतोच. त्यात एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर थांबून बघा. एमसीव्हीला लाल पेशींच्या (दशलक्षांतल्या) संख्येने भागा; उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घ्या, जास्त आलं तर लोहाची कमतरता असण्याचा संभव अधिक. हा ढोबळ अंदाज आहे, निकाल नाही.

सीबीसी मशीन नसेल तिथे नेस्ट्रॉफ्ट नावाची नळीची टेस्ट कामी येते. ०.३६ टक्क्यांच्या बफर केलेल्या मिठाच्या दोन मिली पाण्यात २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, शेजारच्या नळीत तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये तेवढंच रक्त टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. साध्या पेशी फुटतात आणि मागची काळी रेघ दिसते. थॅलेसेमिया वाहकाच्या पेशी लवकर फुटत नाहीत, त्यामुळे रेघ धूसर राहते. लोह कमी असलेल्यांतही ही टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि आपल्याकडच्या बायकांत लोह कमी असणं सर्रास आहे, तेव्हा घाबरवू नका. नमुना पाठवा.

तिसरी पायरी: पक्कं निदान

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचं दोन मिली रक्त ईडीटीए बल्बमध्ये घ्या, बल्ब आठ-दहा वेळा अलगद उलटा करा, २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाला थेट लावू नका, रक्त गोठलं की नमुना वाया गेला. शिरेतून रक्त काढणं जमत नसेल आणि तुमची लॅब घेत असेल तर कागदावरचा वाळलेला थेंब चालतो: गोल एकाच बाजूने पूर्ण भरा, सावलीत आडवा ठेवून तीन-चार तास वाळवा, मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत घाला. ओले कागद एकमेकांवर रचू नका.

जिल्ह्याच्या लॅबमध्ये एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणं) होतं. अहवाल आला की तुम्हालाही तो वाचता आला पाहिजे. एएसमध्ये एचबी-एस साधारण ३० ते ४० टक्के असतं आणि एचबी-ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, त्याहून जास्त. एसएसमध्ये एचबी-ए जवळपास नसतंच. एचबी-एस जास्त आणि एचबी-ए थोडं असं दिसलं तर सिकल-थॅलेसेमिया आहे का किंवा रक्त चढवलंय का, ते विचारा. एचबी-ए२ (मोठ्या माणसात थोडंच असणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाचा वाहक. अडलेल्या नमुन्यांसाठी आई-वडिलांचं रक्त तपासणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. त्यापुढे डीएनए तपासणी. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आणि तिचं चंद्रपूरचं केंद्र यात काम करतात.

चौथी पायरी: निकाल हातात देणं

इथे सगळ्यात जास्त कामं अर्धवट राहतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

एका शाळेत नववीतल्या मुलीचं नाव 'सिकलसेल पॉझिटिव्ह' म्हणून प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं गेलं. नळीत गढूळ, एवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मुली तिच्या ताटाजवळ बसेनात. तीन आठवड्यांनी एचपीएलसीचा कागद आला: एएस. तिला कसलाही आजार नव्हता. पण तोवर ती घरी निघून गेली होती. मी आणि आशाताई तिच्या पाड्यावर गेलो, तेव्हा तिची आजी ओट्यावर बसून विचारत होती, "बाई, पोरीला नेमकं काय झालं?" आशाताईंनी पावरीत समजावलं आणि मी आजीच्या तळहातावर दाणे ठेवले.

ही दाण्यांची पद्धत शिकून घ्या. बापाचे दोन दाणे, आईचे दोन. मक्याचा दाणा म्हणजे चांगलं जनुक, तुरीचा म्हणजे सिकल. दोघंही वाहक असतील तर प्रत्येकाच्या मुठीत एक मका, एक तूर. डोळे मिटून प्रत्येकाच्या मुठीतला एकेक दाणा काढायचा, ते झालं मूल. दोन तुरी आल्या तर एसएस, म्हणजे चारात एक वेळ. एक मका, एक तूर आली तर आई-बापासारखं वाहक, म्हणजे चारात दोन वेळा. मग दाणे मुठीत परत ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. हे परत ठेवणं फार महत्त्वाचं आहे. "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" असं कितीतरी आई-बाप धरून चालतात. तसं नसतं, प्रत्येक खेपेला खेळ नव्याने सुरू होतो.

नाव कधीही मोठ्याने वाचायचं नाही. यादी भिंतीवर लावायची नाही. एकेकाला बाजूला घेऊन सांगायचं. मूल असेल तर पालकाला सांगायचं. वाहकाला 'पेशंट' म्हणायचं नाही. लग्न करू नका असा हुकूमही द्यायचा नाही. दोघांनी लग्नाआधी एकमेकांचं सिकलसेल तपासणीचं कार्ड बघावं, म्हणजे निर्णय त्यांना उघड्या डोळ्यांनी घेता येईल, एवढंच सांगायचं.

एसएस निघालेल्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांशी जोडून द्या. लहानपणी पेनिसिलिन, लसी, फॉलिक ॲसिड, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी आणि ताप आला की रात्र न काढता दवाखाना, हे आई-वडिलांना पाठ झालं पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत, तेव्हा प्रमाणपत्राची वाटही दाखवा.

गरोदर माता पॉझिटिव्ह आली तर वेळ पळत असतो. पहिल्या तीन महिन्यांतच तिची तपासणी व्हावी आणि लगेच नवऱ्याची. दोघंही वाहक असतील तर दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश घेऊन गर्भाची तपासणी होऊ शकते. कायद्याने मान्यता असलेल्या केंद्रातच ती होते आणि ती करायची की नाही हे त्या बाईने ठरवायचं. पाचव्या महिन्यात कळलं तर तिच्यापुढचे रस्ते फार अरुंद झालेले असतात. म्हणून नोंदणीच्या पहिल्याच दिवशी नळी लावा, पुढच्या तपासणीवर ढकलू नका.

आता अडचण अशी, की नवरा घरी नसतो. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. गुजरातेतही सिकलसेलची सरकारी तपासणी आहे. त्याला फोन करून जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला सांगा आणि अहवालाचा फोटो आशाताईंच्या मोबाइलवर मागवा. बाकीच्या माणसांसाठी वहीत 'बाहेरगावी' असा रकाना करा. होळीला सगळे परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात टेबल, रेघांचा कागद आणि ताज्या भुकटीच्या पुड्या घेऊन त्याच पाड्यावर पुन्हा जा.